स्वयंपाकघरातील लाकडी भांड्यांची निगा



बी-बियाणं, खतं, पाणी, फवारणी हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र शेतातून उठून जरा स्वयंपाकघरात जाऊ या. पोळपाट, लाटणं, काथवट, रवी, चाटू, विळीचा पाट, आणि अलीकडे बऱ्याच घरांत आलेली भाजी चिरायची लाकडी फळी, या वस्तूंची निगा कशी राखावी, हा आजचा विषय आहे. हा बायकांचा विषय, असं म्हणून बंधूंनी उठून जाऊ नये. शेतातली औषधं घरात आणणारे हात बहुधा पुरुषांचेच असतात, आणि या विषयाचा शेवट तिथेच होणार आहे.

लाकूड पितं

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. लाकूड पितं. स्टीलच्या ताटावर पाणी पडलं तर ते वरच्यावर राहतं, पुसलं की गेलं. लाकडाचं तसं नाही. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांतून मुळाचं पाणी वर चढत होतं, त्या नळ्या पोळपाटातही तशाच असतात. म्हणून पाणी, तेल, मांसाचा रस, औषध, जे समोर येईल ते लाकूड आत ओढून घेतं. त्याला काय पाजायचं आणि काय नाही, एवढं कळलं म्हणजे निगा कळली.

एका गावी सभेनंतर एका मावशींनी विचारलं, "साहेब, काथवट उन्हात ठेवली तर तडकते, घरात ठेवली तर बुरशी धरते. मग करायचं तरी काय?" प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर असं.

लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. पण ते लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आकसतं. कडक उन्हात वरचा भाग झटकन आकसतो, आतला भाग मात्र अजून ओला आणि फुगलेला असतो. या ओढाताणीत रेषेला धरून तडा जातो. उलट काथवट ओलीच कोपऱ्यात उपडी घातली, तर बुरशीला हवं ते आयतं मिळतं. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिलं, तर कुजवणारी बुरशी त्यात वाढत नाही. तेव्हा लाकूड वाळवायचं हे खरं, पण सावकाश वाळवायचं.

धुणं आणि वाळवणं

काम झाल्याबरोबर भांडं धुवावं. पीठ चिकटलं असेल तर लाकडी उलथन्याने किंवा नारळाच्या काथ्याने काढावं. गरम पाणी आणि थोडा साबण घेऊन झटपट घासावं व लगेच फडक्याने पुसावं. रात्रभर पाण्यात भिजत घालू नये. पोळपाट व फळी दोन्ही बाजूंनी ओली करून धुवावी. एकच बाजू पाणी प्याली तर ती बाजू तेवढी फुगते आणि पाट वाकडा होतो.

पुसल्यावर भांडं आडवं न ठेवता काठावर उभं करावं. म्हणजे दोन्ही अंगांना सारखी हवा लागते. जागा सावलीची आणि वाऱ्याची असावी. चुलीच्या अगदी जवळ नको. सकाळचं कोवळं ऊन थोडा वेळ चालेल, पण चैत्र-वैशाखातलं दुपारचं ऊन नको. ताक घुसळल्यावर रवीच्या खाचांत लोणी राहतं आणि त्याला आंबूस वास येतो. ती कढत पाण्यात फिरवून टांगून ठेवावी. विळीचं पातं जिथे पाटात बसवलेलं असतं, त्या सांध्यात पाणी मुरतं. तिथे लोखंड गंजतं आणि लाकूडही कुजतं. तो सांधा रोज कोरडा पुसावा.

कांदा-लसणाचा वास राहिला तर जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन घासावं. वर काळे डाग पडले असतील किंवा सुरीच्या खाचा फार झाल्या असतील, तर सुताराकडून रंधा मारून घ्यावा. आत नवं लाकूड निघतं.

तेल कोणतं द्यावं?

लाकूड पिणारच असेल, तर त्याला पाण्याआधी तेल पाजावं. मात्र सगळी तेलं सारखी नसतात. काही तेलं हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतात, त्यांना वाळणारी तेलं म्हणतात. जवसाचं तेल यात पहिलं. करडईचं तेलही वाळतं, पण जवसापेक्षा सावकाश. ही दोन्ही आपल्याच रब्बीतली पिकं आहेत. घाण्यावरून घरच्यासाठी तेल काढून आणाल तेव्हा वाटीभर बाजूला ठेवा.

शेंगदाण्याचं तेल वाळत नाही. ते चिकट राहतं आणि पुढे खवट होतं. कोकणात खोबरेल लावतात. तेही वाळत नाही, पण लवकर खवट होत नाही. ते वापरायचं असेल तर पातळ हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. रंगाच्या दुकानातलं "उकळलेलं" जवसाचं तेल मात्र अन्नाच्या भांड्याला कधीही लावू नये. ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. व्हार्निशही नको.

रीत अशी. भांडं चांगलं कोरडं असावं. खरखरीत असेल तर पॉलिश पेपर फिरवावा. तेल किंचित कोमट करून फडक्याने पातळ लावावं. कापलेली टोकं सर्वांत जास्त पितात, तिथे दोनदा लावावं. रात्रभर राहू द्यावं आणि सकाळी वर राहिलेलं तेल पुसून काढावं. मग चार-पाच दिवस हवेवर ठेवावं. बोटाला चिकटत असेल तर आणखी थांबावं. नव्या भांड्याला असे तीन हात द्यावेत. पुढे वर्षातून दोनदा पुरे होतं, एकदा मृगाच्या पावसाआधी आणि एकदा दिवाळीनंतर.

तेलाची चिंधी सांभाळा

जवसाचं तेल वाळताना उष्णता तयार होते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर ती आतच कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. असा बोळा कडब्याच्या गंजीजवळ पडला तर काय होईल, ते सांगायला नको. काम झालं की चिंधी पाण्यात बुडवावी किंवा उघड्यावर एकेरी पसरून वाळू द्यावी.

मांस-मासळीची फळी

लाकडी फळी घाणेरडी आणि प्लास्टिकची स्वच्छ, असं आता पुष्कळ ठिकाणी म्हटलं जातं. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही फळ्यांवर जंतू टाकून पाहिले. हे काम १९९४ साली प्रसिद्ध झालं. लाकडावरचे जंतू आत ओढले गेले आणि तिथे वाढले नाहीत, तर सुरीच्या खाचा पडलेलं प्लास्टिक नीट स्वच्छ करणं अवघड गेलं. याचा अर्थ लाकूड धुवायचं नाही असा नव्हे. मांस-मासळीची फळी वेगळी ठेवा, साबणाने धुवा, वर उकळतं पाणी ओता आणि उभी वाळवा. त्याच फळीवर लगेच कोशिंबिरीची काकडी चिरू नका.

किडीला औषध नको

लाटण्याला बारीक भोकं पडून खाली मैद्यासारखा भुगा सांडू लागला, तर ती लाकूड पोखरणारी कीड समजावी. ती गाभ्याच्या लाकडापेक्षा बाहेरच्या पांढुरक्या लाकडात जास्त लागते, कारण तिथे तिला पिष्ट मिळतं. म्हणून भांडं घेताना गाभ्याच्या लाकडाचं पाहून घ्यावं. लहान वस्तू असेल तर दहा-पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवावी, सावलीत वाळवावी आणि तेल द्यावं. भांडं फारच पोखरलं असेल तर ते बदलावं. कीटकनाशक पावडर चोळू नये. पूर्वी सर्रास वापरली जाणारी बी.एच.सी. पावडर १९९७ सालापासून देशात बंद आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी पुडी उरली असेल, तर तिला हातही लावू नका.

तसंच, जुन्या खांबांच्या किंवा कुंपणाच्या लाकडातून पोळपाट करून घेऊ नका. लाकूड टिकावं म्हणून त्याला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण देतात. हा उपाय आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेसन यांनी १९३३ च्या सुमारास शोधला. खांबासाठी तो उत्तम, पण अन्नाजवळ तो विष आहे. असं लाकूड चुलीतही घालू नये. आर्सेनिक राखेत उतरतं, आणि त्याच राखेने आपण भांडी घासतो.

बीजप्रक्रिया काथवटीत नको

बंधूंनो, आता तुमच्याकडे वळतो. पेरणीआधी बीजप्रक्रिया करा, असा आग्रह आम्हीच धरतो. पण घाईच्या दिवसांत बियाणं आणि औषध चोळायला घरातली काथवट उचलली जाते. फवारणीचं औषध ढवळायला चुलीजवळचा चाटू नेला जातो. संध्याकाळी तो धुऊन पुन्हा जागेवर येतो. वर दिसत काही नाही. पण लाकूड पितं, हे विसरू नका. आत गेलेलं औषध साबणाने निघत नाही, उकळत्या पाण्यानेही निघाल्याची खात्री नसते. दुसऱ्या दिवशी त्याच काथवटीत भाकरीचं पीठ मळलं जातं, आणि ती भाकरी लेकरांच्या ताटात जाते.

तेव्हा औषधासाठी पत्र्याचं घमेलं आणि एक काठी कायमची वेगळी राखा. त्यांना लाल रंगाचा पट्टा मारा. ती गोठ्यात किंवा खोपटात उंचावर, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवा. एकदा औषधाला लागलेली काथवट किंवा चाटू पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. त्यालाही तोच लाल पट्टा मारा. नवी काथवट घ्यायला खर्च येईल, पण घरातल्या माणसाच्या जिवापुढे तो काहीच नाही.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१) झटपट धुवा, भिजत घालू नका.
२) पुसून, काठावर उभं करून सावलीत वाळवा.
३) जवसाचं तेल वर्षातून दोनदा द्या. चिंधीचा बोळा करून टाकू नका.
४) मांस-मासळीची फळी वेगळी ठेवा.
५) औषधाची भांडी वेगळी, लाल पट्ट्याची, घराबाहेर ठेवा.

या पाच गोष्टी पाळल्या तर काथवट पुष्कळ वर्षं टिकेल आणि तिच्यातली भाकरी निर्धोक राहील.