उभ्या गाडीचे ब्रेक : चावी फिरवायच्या आधी हे ऐका

कांद्याच्या चाळीशेजारी, शेडमध्ये किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ज्यांच्या घरची एखादी गाडी धूळ खात उभी आहे, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड आहे.

आमच्याकडे सटाण्याला पप्पांची मारुती ८०० आहे, २००९ ची. पप्पा गेले आणि गाडी चाळीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार वर्षं तशीच उभी राहिली. विकायला मम्मी तयार नाही आणि मी नोकरीमुळे पुण्यात. यंदा वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलो आणि ठरवलं, गाडी चालू करायची. मम्मीला डोळे दाखवायला नाशिकला जायचं होतं. म्हटलं, पप्पांच्या गाडीतूनच नेऊ.

नवीन बॅटरी टाकली, जुनं पेट्रोल काढलं, इंजिन ऑइल बदललं. चौथ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं! मम्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ब्रेकचं पेडल दाबून पाहिलं, घट्ट लागलं. म्हटलं, उद्या सकाळी निघू.

संध्याकाळी पप्पांचे ओळखीचे मेकॅनिक काका आले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खाली वाकून मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट ओलं होतं. म्हणाले, "भाऊ, इंजिन बंद पडलं तर गाडी अंगणातच राहील. ब्रेक गेला तर कुठे कळेल? भावडबारीच्या उतारावर."

आपल्यात एक जोक आहे ना, "माझ्या मशीनवर तर चालतंय"? मी तेच केलं होतं. उभ्या गाडीत पेडल दाबणं म्हणजे लोड न देता केलेली टेस्ट.

मग चारही चाकं खोलली. काय काय निघालं ते सांगतो, कारण उभ्या गाडीत बहुतेक वेळा हेच निघतं.

पहिलं, ब्रेक ऑइल. हे हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकाजवळ प्रचंड उष्णता तयार होते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणजे पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. आमचं ऑइल कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं.

दुसरं, पुढच्या डिस्क. वरवरचा गंज हळू वेगात दहा-बारा वेळा ब्रेक मारला की निघतो. पण खड्डे पडले असतील किंवा डिस्क ठरलेल्या जाडीपेक्षा पातळ झाली असेल तर बदलायचीच. आमच्या डिस्क वाचल्या, पण उजव्या कॅलिपरचा पिस्टन गंजून जाम होता. अशा वेळी एकच चाक नीट ब्रेक लावतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

तिसरं, मागचे ड्रम. पप्पांच्या सवयीप्रमाणे हॅन्डब्रेक ओढलेला होता, त्यामुळे लायनर ड्रमला चिकटले होते. डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर गळत होता आणि ब्रेक शू ऑइलने भिजले होते. भिजलेला शू पुसून परत लावायचा नाही. आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम.

चौथं, रबरी होज. वाकवून पाहिला तर बारीक भेगा. बदलले.

आता ज्या चुका मी करणार होतो त्या. रबरी सील पेट्रोल किंवा इंजिन ऑइलने धुवायचे नाहीत, ते फुगतात. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून पुसायचं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, जॅक स्टँड लावायचेच. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं. आणि ज्या डब्याचं झाकण महिनाभर उघडं होतं, त्यातलं ऑइल वापरायचं नाही.

शेवटी एअर काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आमच्या गाडीत मागचं डावं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. काका चाकापाशी, मी ऑइलचा डबा धरून आणि पेडलवर कोण? मम्मी! "वहिनी, दाबा… धरा… आता सोडा." निप्पल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही, नाहीतर हवा परत आत जाते. आणि जोरात तळापर्यंत दाबायचं नाही, जुन्या मास्टर सिलिंडरमधले सील गंजलेल्या भागावर घासून फाटू शकतात. दीड तास मम्मीने हे केलं, एकदाही चुकली नाही.

मग मोकळ्या मैदानात हळू वेगात ट्रायल. सरळ थांबते का, हॅन्डब्रेक धरतो का, पाच मिनिटं दाबून ठेवल्यावर पेडल खाली बसतं का. या तिन्ही गोष्टी पास झाल्यावरच रस्ता. आणि प्लीज, हे ऐकून एकट्याने ब्रेक खोलू नका. जाणकार मेकॅनिक सोबत हवाच. अजून एक, खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. आमचं संपलं होतं. ते रिन्यू करून, इन्शुरन्स काढूनच बाहेर पडलो.

या सगळ्यात डोळ्यांची अपॉइंटमेंट तीन आठवडे पुढे गेली. देवळा सोडून भावडबारी उतरताना मी दुसरा गिअर टाकला. मम्मी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझे पप्पापण इथे गिअर बदलायचे." पुढे बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

तर तुमच्या घरची गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर हॅन्डब्रेक सोडा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. शक्य असेल तर पंधरा दिवसांनी थोडी पुढे-मागे करून ब्रेक दाबा. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. आणि उभी गाडी परत रस्त्यावर काढायची असेल तर बॅटरी आणण्याआधी चाकं खोला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सावकाश चालवा!