बातमी पहिल्या पानावर आली, की भाव उतरतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



२०२१ सालच्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या शेजारच्या निवृत्त काकांची बँकेतली एक ठेव नुकतीच मुदत संपून हातात आली होती. टी-ट्वेंटी विश्वचषकाचे सामने चालू होते आणि त्यांत मधूनमधून क्रिप्टो खरेदीच्या जाहिराती लागत होत्या. काकांनी मला विचारलं, "काय हो, हे बिटकॉइन घ्यावं का? जिकडे तिकडे तेच चाललंय." त्यांचे मेहुणे तिथेच बसले होते. ते म्हणाले, "जिकडे तिकडे चाललंय, म्हणूनच घेऊ नका. आपल्यासारख्यांच्या दारापर्यंत बातमी येते, तेव्हा भाव माथ्यावर पोचलेला असतो."

बाजारात हा समज जुना आहे. तो कितपत खरा, हे आज आपण तपासून पाहू.

प्रथम मेहुण्यांच्या बाजूचा पुरावा. १० नोव्हेंबर २०२१ रोजी बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलं आणि तिथून उतरणीला लागलं. त्याआधी १४ एप्रिल २०२१ रोजी कॉइनबेस ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाली. त्या दिवशी वाहिन्यांवर दुसरा विषय नव्हता आणि बिटकॉइन ६४ हजारांच्या घरात होतं. तीन महिन्यांनी ते ३० हजारांच्या खाली आलं. अजून मागे जाऊ. १७ डिसेंबर २०१७ रोजी शिकागोच्या सीएमई बाजारात बिटकॉइनचे वायदे सुरू झाले. जगभर बातम्या झळकल्या. भाव २० हजारांना टेकला होता. वर्षभराने तो ३,२०० डॉलरच्या आसपास होता.

हे असं का होतं? कारण साधं आहे. वार्ताहर भावाच्या पुढे धावत नाही, मागे धावतो. वस्तू दुप्पट झाली की आतल्या पानावर चौकट येते, पाचपट झाली की पहिल्या पानावर मथळा येतो. मथळा वाचून नवे गिऱ्हाईक येतात, त्यांच्या पैशाने भाव आणखी चढतो आणि त्याची पुन्हा बातमी होते. सोन्याचे दागिने होतात, शेअरमागे कंपनीचा नफा असतो. बिटकॉइनला व्याज नाही, लाभांशही नाही. त्याचा भाव पुढच्या गिऱ्हाइकावर अवलंबून. ज्याने घ्यायचं त्या प्रत्येकाने घेऊन झालं, की पुढचा गिऱ्हाईक आणायचा कुठून?

इथवर मेहुण्यांचं म्हणणं पटतं. पण आता दुसरी बाजू पाहा.

२०१७ सालचेच मथळे आठवा. जानेवारीत बिटकॉइनने हजार डॉलर ओलांडले, बातमी झाली. मे महिन्यात दोन हजार झाले, पुन्हा बातमी. नोव्हेंबरअखेर दहा हजार झाले, तेव्हा तर गहजब झाला. जानेवारीचा मथळा पाहून ज्याने विकलं, तो पुढची जवळजवळ वीसपट वाढ बघत बसला. दहा हजारांच्या मथळ्याला ज्याने विकलं, त्याच्या डोळ्यांदेखत तीन आठवड्यांत भाव दुप्पट झाला; मात्र जानेवारी २०१८च्या मध्यावर तो पुन्हा दहा हजारांच्या खाली होता. म्हणजे मथळा चुकला म्हणावं, की बरोबर ठरला? धोका आहे एवढं त्याने सांगितलं. कधी, ते सांगितलं नाही. आणि बाजारात 'कधी' यालाच पैसे मोजावे लागतात.

दुसरं उदाहरण. १० जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या नियामकांनी बिटकॉइनच्या ईटीएफ योजनांना परवानगी दिली. प्रसिद्धी प्रचंड झाली. आमचे मेहुणे म्हणाले, "झालं, माथा आला." भाव होता ४६ हजारांच्या आसपास. महिनाभरात तो थोडा घसरलाही. पण मार्चमध्ये ७३ हजारांवर गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलर ओलांडले. माणूस तोच, नियमही तोच. एकदा खरा ठरला, एकदा खोटा.

आपल्या स्मरणशक्तीचाही यात हात आहे. ज्या मथळ्यानंतर भाव कोसळला तो आपल्याला आठवतो. ज्याच्यानंतर काहीच घडलं नाही, तो रद्दीत जातो. अमेरिकेतल्या 'बिझनेसवीक' नियतकालिकाने ऑगस्ट १९७९ मध्ये शेअर बाजाराचा मृत्यू झाल्याची मुखपृष्ठकथा छापली. पुढे तेजी आली म्हणून तिची आजवर चेष्टा होते. पण ती तेजी सुरू व्हायला ऑगस्ट १९८२ उजाडावं लागलं, हे कुणी सांगत नाही. रिचमंड विद्यापीठातल्या तिघा अभ्यासकांनी २००७ मध्ये अशा मुखपृष्ठांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यांना आढळलं ते असं : कौतुकाची मुखपृष्ठकथा येते तेव्हा कंपनीची असामान्य घोडदौड बहुधा संपत आलेली असते, पण म्हणून ती लगेच उलटी कोसळते, असं नाही. अभ्यास कंपन्यांचा होता, क्रिप्टोचा नव्हता. तरी त्यातलं तारतम्य आपल्या उपयोगाचं आहे.

मग सामान्य माणसाने बातमी वाचावी कशी? एक तर बातमी कशाची आहे ते पाहावं. कायदा बदलला, न्यायालयाचा निकाल लागला, ही घटनेची बातमी. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेचं निर्बंधाचं परिपत्रक रद्द केलं, ती अशी बातमी होती. पण 'भाव वाढला म्हणून भाव वाढतोय' एवढंच जिच्यात असतं, ती बातमी कालची असते. जाहिरात तर त्याहूनही उशिराची, कारण जाहिरातीला पैसा लागतो आणि तो तेजीनंतरच हाती येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत सुपर बोलच्या सामन्यात क्रिप्टो कंपन्यांच्या महागड्या जाहिराती लागल्या, तेव्हा माथा होऊन तीन महिने झाले होते. त्यांतली एफटीएक्स ही कंपनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली.

आता काकांचं काय झालं ते सांगतो. त्यांनी दिवाळीत एक लाख रुपये घातले. वर्षभराने एफटीएक्स बुडाल्याच्या बातम्या आल्या, 'क्रिप्टो संपलं' असे मथळे आले. त्यांनी घाबरून विकलं आणि हाती जेमतेम पंचवीस हजार आले. त्या वेळी बिटकॉइन १६ हजार डॉलरच्या आसपास होतं आणि तोच त्या मंदीचा तळ निघाला. २०२२च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर लावला. तोटा मात्र दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे तोही सगळा काकांच्याच अंगावर पडला.

श्रोतेहो, काकांना आत नेलं ते गाजावाजाने आणि बाहेर काढलं तेही गाजावाजानेच. दोष बातमीचा नव्हता. पैसे घालताना 'किती बुडाले तर मला चालेल' हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. तो विचारला असता, तर लाखाऐवजी पाच हजार गेले असते आणि विकायची घाईही झाली नसती.

भावाचा माथा कुठे आहे, हे वर्तमानपत्र सांगू शकत नाही. पण मथळा वाचून जेव्हा वाटतं, 'सगळे कमावताहेत, मीच मागे राहिलो', तेव्हा त्या दिवशी पैशाला हात लावू नये. बातमी बाजूला ठेवावी, आठ दिवसांनी पुन्हा वाचावी. तेव्हाही घ्यावंसं वाटलं, तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच पैसे घालावेत.