गंजलेले पाटे

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात ‘शिक्षण आणि समाज’ हा विषय होता. त्या विषयावर याच व्यासपीठावरून आम्ही तीन वेळा बोललो आणि तिन्ही वेळा मागच्या रांगेतील मंडळी जेवणाच्या मांडवाकडे पाहत होती. म्हणून यंदा आम्ही एका जुन्या मालमोटारीच्या मागच्या पाट्यांविषयी बोलणार आहोत. लोहाराच्या घरी जन्मून, मॅट्रिक होऊन, सारा जन्म हातात खडू धरलेल्या माणसाने हा विषय घ्यावा हे थोडे धाष्टर्याचेच आहे. चुकल्यास ऐरणीजवळची मंडळी सुधारतील.

ही मालमोटार आपल्याच समाजातील एका कुटुंबाची. 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी पंधरा वर्षांचा करार केला आणि तोंडावर तीन टोकांचा तारा मिरविणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या. त्यांपैकीच ही एक, 1962 सालची. सांगलीची हळद आणि गूळ घेऊन ती कोकणात उतरे. आमचे धाकटे चुलते तिच्यावर चालक होते. 1971 साली मागच्या उजव्या बाजूच्या मुख्य पाट्यास चीर गेली. एका दुकानात ती वेल्डिंगने सांधली, वर काळा रंग दिला आणि गाडी मार्गाला लावली. आंबा घाट उतरताना तो पाटा सांध्यालगतच तुटला. गाडी दरीकडे न जाता डोंगराच्या अंगावर आदळली, म्हणून काका वाचले. पाय मात्र जन्माचा अधू झाला. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे होतो. घरात जो तो म्हणे, ग्रह वाईट होते. पाटा का तुटला हे आम्हांस उमजावयास पुढे पन्नास वर्षे लागली.

भगिनीवर्गासाठी थोडे सांगितले पाहिजे. मागच्या धुरेच्या दोन्ही बाजूंस पोलादी पट्ट्यांची एकेक जुडी असते, त्या पट्ट्या म्हणजे पाटे. सर्वांत वरचा व लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांस वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चॅसीच्या ब्रॅकेटमध्ये पिनेने जखडलेला. मागचा शॅकलमध्ये, म्हणजे झुलत्या कडीत, कारण ओझे पडले की पाटा सपाट होऊन लांबतो आणि त्या लांबीला जागा हवी. लोकांस वाटते, पाटे केवळ धक्के खातात. तसे नव्हे. धुरा जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम मुख्य पाट्याचा पुढचा अर्धा भाग करतो. तो तुटला की धुरा त्या बाजूने मागे सरते, गाडी तिरकी होते आणि सुकाणू हाती असून नसल्यासारखे होते.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णामाईने काय केले हे सर्वांच्या स्मरणात आहेच. सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेले. मिरजेस कृष्णाघाटाकडच्या आवारात ही गाडी कित्येक वर्षे उभी होती, ती बुडाली. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरले, परंतु पाट्यांच्या फटीतला गाळ तसाच राहिला आणि त्याने ओल धरली. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे पाटे एकमेकांपासून उचलले गेले, आणि पिना तर ब्रॅकेटशी एकजीव झाल्या. घरच्या नातवाने भंगारवाल्याशी भाव ठरविला. आजीने जेवण सोडले. मध्यस्थीस आम्हांस बोलावणे आले.

आम्ही काय करणार? समाजातील एका ऐंशी ओलांडलेल्या कारागिरांकडे गेलो. त्यांस सारे मामा म्हणतात. ते आले, त्यांनी हातोडीने एकेक पाटा वाजवून पाहिला आणि म्हणाले, “गुरुजी, रंगावर जाऊ नका. चांगला पाटा बोलतो, मेलेला बद्द वाजतो.” शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगारांनी जेथे सतारी घडविल्या, त्या मिरजेत लोखंडही कानाने पारखावे हे योग्यच म्हणावयाचे.

काम दिवाळीनंतर निघाले. नातू कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस. तो रविवारी येई. प्रथम चॅसीखाली रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची चळत रचली, कारण दबलेला पाटा सुटला तर माणसाचे हाड मोडतो. जॅकच्या भरवशावर मामांनी कोणास खाली जाऊ दिले नाही. यू-बोल्ट सरळ कापले. ते पुन्हा वापरावयाचे नसतातच. पिनांवर चार दिवस डिझेल सोडले. तरीही मागची पिन हलेना, तेव्हा नातवाने गॅसची ज्योत डोळ्यावर धरली. मामा ओरडले, “डोळा तापवू नको, पाणी उतरेल! ब्रॅकेट तापव.”

त्या एका वाक्याने आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पोलादास दिलेले पाणी हेच पाट्याचे बळ. वेल्डिंगची ज्योत लागली की सांध्यालगतचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि त्यापलीकडचा मऊ पडतो. काकांचा पाटा सांध्यावर नव्हे, सांध्यालगत का तुटला, ते तेव्हा कळले. आमचे वडील याच धंद्यात होते. त्यांस हे खचित ठाऊक असणार. आम्ही कधी विचारले नाही, कारण आम्ही भात्याजवळ उभे राहिल्यास कपडे मळत.

पाटे सुटे करून तारेच्या ब्रशाने घासले. ज्यांवर केवळ वरवरचा तांबूस थर होता ते ठेवले. ज्यांवर नखास लागतील असे खड्डे होते ते बाजूस काढले, कारण चीर खड्ड्यातूनच सुरू होते. संशय होता तेथे रॉकेल चोळले, कोरडे पुसले आणि आमच्या हातून खडूची भुकटी फासून घेतली. चीर असेल तेथून रॉकेल पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. खडूचा असा उपयोग आम्ही प्रथमच पाहिला! उजव्या बाजूचा मुख्य पाटा आणि खालचे दोन असे तीन बाद झाले. उजवे ब्रॅकेटही कुजले होते. त्याचे रिव्हेट छाटून नवे बसविले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी आणली. मामांचे हात आता थरथरतात, म्हणून घण नातवाने मारला आणि मामांनी नुसता रंग पाहिला. पट्टी पळसाच्या फुलासारखी झाली की डोळा वळवावयाचा, जुन्या पाट्यावर ठेवून बाक जुळवावयाचा. पाणी देण्याची वेळ ठरविण्यास त्यांनी लोहचुंबक जवळ धरले. लोखंड सुमारे 770 अंशांवर चुंबकास जुमानत नाही. हा धडा आम्ही तीस वर्षे शिकविला आणि प्रत्यक्ष त्या दिवशी पाहिला. त्यानंतर थोडे आणखी तापवून पाटा तेलात बुडविला. पाण्यात बुडविला तर तडकतो. एवढ्याने भागत नाही, तो फार ताठ झालेला असतो. पुन्हा मंद आचेवर धरून त्यावर कोरडी काटकी घासावयाची. ती करपून ठिणगी धरू लागली की थांबावयाचे. मामांनी काटकी नातवाच्या हाती दिली. त्याचा पहिला पाटा वाया गेला, दुसरा साधला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तिसरा त्याच्यापुढे सरकविला.

पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस भरून जुडी बांधली. गाडीचा भार पडल्यावरच यू-बोल्ट आवळले, आणि थोडी चालवून पुन्हा आवळले. रस्त्यावर धंद्यास ती न्यावयाची नव्हतीच. 2022 च्या खंडेनवमीस ती आवारात आपल्या चाकांवर उभी राहिली आणि आजीने तिला हळदकुंकू लाविले. बाद झालेल्या मुख्य पाट्याचे मामांनी ऊसतोडीचे चार कोयते केले. त्यांतील एक आमच्या घरी आहे.

गाडी मात्र उजवीकडे दोन बोटे उंच दिसते. मामा म्हणाले, नवे पाटे आहेत, ओझे पडले की बसतील. अद्याप बसलेले नाहीत.