जोयड्यात न्याहारीला काय घ्याल?

उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका म्हणजे काळी नदीचं खोरं आणि दाट जंगल. तालुक्याचं जुनं ठाणं सुपा. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कारभार जोयड्याला आला. बेळगाव-गोवा रस्त्यावरचं रामनगर याच तालुक्यातलं. त्यामुळे इथल्या न्याहारीत कर्नाटक आणि गोवा एकत्र नांदतात.

हॉटेलात बसलात की आधी बन्स मागवा. पिकलेलं केळं कुस्करून त्यात साखर, दही, जिरं, चिमूटभर सोडा आणि मावेल तेवढा मैदा घालतात. पीठ रात्रभर मुरतं. सकाळी जाडसर पुऱ्या लाटून कढत तेलात सोडल्या की टम्म फुगतात. मोडून पाहा, आत मऊ जाळी दिसेल. सोबत खोबऱ्याची चटणी किंवा सांबार घ्या. बन्स गरमच खावेत. गोव्याच्या चवीचं खायचं असेल, तर पाव आणि पातळ भाजी मागा. तिखट नको असेल, तर इडली आहेच.

मुक्काम गावातल्या घरी असेल, तर उकडलेल्या कंदांची चौकशी जरूर करा. इथले कुणबी शेतकरी मुडलीसारखे अनेक कंद पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आले आहेत. हिवाळ्यात जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरतो. तिथून थोडे कंद विकत घ्या. त्यांना मागणी राहिली, तरच हे वाण शेतात टिकतील.