आम्ही स्वतःला काय म्हणतो
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजन आणि माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो, जय सेवा!

हा नमस्कार मी शाळेत कधी केला नाही, घरी रोज करायचो. वर्गात मला काही जण ‘गोंड्या’ म्हणत. बोलणाऱ्याला ती थट्टा वाटे. मी मात्र हाक ऐकली की मागच्या बाकावर सरकायचो. आता आपली मुले, नातवंडे शाळेत जातात, म्हणून आज हा विषय घेतला.

‘गोंड’ हे नाव बहुधा इतरांनी दिलेले. गोंडी बोलताना आम्ही स्वतःला ‘कोयतूर’ म्हणतो. तरी ‘गोंड’ म्हटल्याचा राग नाही. दाखल्यावर तेच असते. गढा-मंडला, देवगड, चांदा ही आमची राज्येही त्याच नावाने ओळखली जातात. खटकते ते ‘गोंड्या’ आणि ‘जंगली’.

‘आदिवासी’ या शब्दासाठी जयपालसिंह मुंडा यांनी संविधान सभेत आग्रह धरला. संविधानात ‘अनुसूचित जमाती’ आले. ते अर्जाला, दाखल्याला ठीक. पण गप्पांमध्ये ‘तो एसटीचा’ म्हटले की माणूस सवलतीपुरता उरतो. ‘वनवासी’ आमच्यापैकी अनेकांना नको असतो. त्यात फक्त राहण्याची जागा कळते; आम्ही इथले आधीचे, हे गळून जाते.

हा प्रश्न आमच्यापुरता नाही. नागपूरची धम्मदीक्षा 1956 ची. तीन पिढ्या बौद्ध असलेल्या मित्राला अजून ‘नवबौद्ध’ का म्हणायचे? अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथल्या माणसाला ‘चिनी’ म्हटले तर त्याला काय वाटेल? डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले. पाट्या सरकार बदलेल, बोलणे आपल्यालाच बदलावे लागेल.

माझे मागणे लहान आहे. माणसाला त्याच्या नावाने हाक मारा. समाजाचा उल्लेख करायचाच झाला, तर तो स्वतःला काय म्हणवतो ते विचारा. एकाच समाजातले दोघे दोन उत्तरे देतील. दोन्ही खरी माना. विचारल्याने कोणी दुखावत नाही.

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. दरेकसा स्टेशनवर उतरा, मुलांनाही आणा. आमचे नाव तिथे आमच्याच तोंडून ऐका.