पानाचा पदर

ज्वारी-बाजरी कडक उन्हातही भराभर वाढते, मग सोयाबीनचं तसं का नाही, असं गटाच्या बैठकांतून आम्हाला बरेचदा विचारलं जातं. आज त्याबद्दल बोलू.

पान म्हणजे झाडाची चूल. ऊन हे सरपण, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड हा शिधा. शिजून तयार होते साखर. हा शिधा उचलणारं एक प्रथिन पानात असतं, रुबिस्को. ते दाण्यांबरोबर खडेही उचलतं, म्हणजे चुकून ऑक्सिजन पकडतं, आणि ते निस्तरण्यात झाडाची शक्ती जाते. ऊन तापलं की हे वाढतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांनी त्यावर तोड काढली आहे. पानाच्या आतल्या पेशींत ते कार्बन डायऑक्साइड दाटून ठेवतात. गहू, भात, तूर, सोयाबीन यांना ती सोय नाही.

दुसरी नासाडी आणखी गमतीची आहे. रणरणत्या उन्हात आपण डोक्यावर पदर घेतो ना, तसं पानही जास्तीचं ऊन उष्णता करून टाकून देतं. नाहीतर ते करपेल. पण ढग आला, वरच्या पानाची सावली पडली, तरी हा पदर लगेच उतरत नाही. कित्येक मिनिटं जातात. दाट पिकात ऊन-सावली दिवसभर हलत असते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हा पदर चटकन उतरावा म्हणून सोयाबीनमध्ये तीन जनुकं घातली. २०२० साली शेतात चाचणी घेतली, तेव्हा उत्पादन सरासरी सुमारे २४ टक्के वाढलं, एका वाणात तर ३३ टक्क्यांपर्यंत. दाण्यातलं प्रथिनही घटलं नाही. पुढच्या वर्षी मात्र वादळानं पीक आडवं झालं आणि फरक ठामपणे दिसला नाही. एका हंगामावर भरवसा किती ठेवायचा, हे कोरडवाहू शेती करणारीला कुणी सांगायला नको.

आम्हाला या कामाचं कौतुक वाटतं. पण साखर करायला पाणी लागतंच, आणि ऐन फुलोऱ्यात पावसानं ताण दिला तर चपळ पानही काय करणार? भावाचं तर बोलायलाच नको.

आणि हे बियाणं दुकानात आलेलं नाही. आपल्या देशात जनुक बदललेल्या पिकांपैकी व्यावसायिक लागवड होते ती फक्त बीटी कापसाची. तेव्हा "नवं अमेरिकन सोयाबीन" म्हणून कुणी चढ्या दरानं पिशवी दाखवली, तर पैसे काढू नका. घरचं चांगलं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात सत्तर तरी उगवले, तर ते पेरायला चालेल.