दुमजली विमान



दुधनीच्या स्टेशनात गाडी थांबली की चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची जी तारांबळ उडते, ती आपण पाहतोच. आज आम्ही ज्या विमानाविषयी बोलणार आहोत, त्या एअरबस ए-३८० मध्ये वरखाली दोन मजले मिळून ८५३ उतारू नेण्याची परवानगी आहे. पंखांचा विस्तार जवळजवळ ८० मीटर, उंची २४ मीटर, उडताना भार ५६० टनांच्या घरात. पण आम्हांला कुतूहल वाटते ते निराळेच. आत आग लागली तर एवढी माणसे बाहेर पडणार कशी?

नियम असा, की निम्म्याच दारांनी, अंधारात, ९० सेकंदांच्या आत विमान रिकामे झाले पाहिजे. २००६ साली हँबुर्ग येथे ही परीक्षा झाली. १६ पैकी ८ दारे उघडली. कोणती उघडणार हे आतल्यांना ठाऊक नव्हते. कर्मचारी धरून ८७३ माणसे घसरगुंड्यांवरून ७८ सेकंदांत खाली आली. एकाचा पाय मोडला. (एवढ्या वेळात या मंडपाबाहेर आपल्याला आपल्या चपलाही सापडायच्या नाहीत!)

रिकामे करणे साधले. भरणे मात्र अवघड गेले. २०१४ पासून मुंबईलाही त्याच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या. परंतु चार इंजिनांना इंधन पाजायचे, तर रोज खुर्च्या भरायला हव्यात. दोन इंजिनांची लहान विमाने कंपन्यांना अधिक परवडू लागली. २०२१ च्या डिसेंबरात २५१ वे विमान एमिरेट्स कंपनीच्या हवाली झाले, आणि कारखान्याने ते बांधणे थांबवले.